दाव्यावरचं पहिलं नाव

"हा मोबाइल गेम एकदा लागला की सुटूच नये असा बनवलाय, हे आपण कोर्टात दाखवू. पण सगळ्यांच्या वतीनं एकाचं नाव दाव्यावर लागतं, त्याशिवाय दावा उभा राहत नाही," गेमिंगचा कायदा शिकून आलेली तरुण वकील म्हणाली.

मुलांची नावं भरलेले फॉर्म घेऊन बसलेले पालक आपापल्या चपला न्याहाळू लागले. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कोण नेणार?

मुलीसोबत आलेल्या एक बाई उठल्या. "माझं घाला."

"काकू, नाव खेळणाऱ्याचं लागेल. मुलीचं सांगा."

"ती मला घेऊन आलीये हो. तीन वर्षं दूध उतू घालवत मीच खेळतेय."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी फॉर्मवरचं मुलाचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. मग आणखी चौघांनी कोरे फॉर्म मागितले.