पुस्तकातला थोरला भाऊ

"सापडलं!" शाओ गुरुजी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की कोठडीतल्या सगळ्यांनी वाडग्यातून माना वर केल्या.

तुरुंगाच्या कपाटातून आणलेली, पुठ्ठा गळून पडलेली ती जुनी कादंबरी बगलेत मारून ते म्याओ चांगकनच्या शेजारी जाऊन बसले. चांगकन वाफवलेला पाव कोबीच्या रश्शात बुडवून खात होता. अपील करायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. करतो, एवढं नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी खटला पुन्हा उभा राहिला असता. नाही सांगितलं तर पाच वर्षं पक्की. आणि हा बाबा निवांत पाव खात होता! गुरुजींचा जीव तीळतीळ तुटत होता.

लिनयी शहरातल्या प्लायवूडच्या कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आत दोन बायका जळून मेल्या. कुलूप लावलं चांगकनने, पण कामगार माल पळवतात म्हणून ते लावायचा हुकूम मालकाचा होता, हौ दशानचा. कोर्टात मात्र चांगकनने सांगून टाकलं, मालकाला यातलं काही माहीत नव्हतं, सगळं माझ्या डोक्यातून निघालं. का, तर दशान त्याचा मानलेला थोरला भाऊ. तरुणपणी वीटभट्टीवर घमेली उचलताना दोघांनी उदबत्त्या लावून, एका वाडग्यातून दारू पिऊन शपथ घेतलेली.

"दादा दर नववर्षाच्या जेवणावळीत भावांची गोष्ट सांगतात," चांगकनने कोठडीत आल्या आल्या सांगितलं होतं. "त्या जुन्या कादंबरीतली. सांगताना डोळे पुसतात."

गोष्ट अशी. डोंगरावरच्या गढीला राजाच्या फौजेचा वेढा पडतो. सरकारी कोठार जाळलेलं असतं थोरल्या भावाने. पण धाकटा, मीच जाळलं, असं म्हणत दाराबाहेर जातो आणि तलवारीखाली मान देतो. थोरला वाचतो, गढी वाचते. मालकाची गोष्ट संपली की सगळा कारखाना टाळ्या वाजवायचा.

शाओ गुरुजींना ही गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. त्यांचा जन्म शाळेत असल्या कादंबऱ्या शिकवण्यात गेला होता. प्रत्येक प्रकरणातून ते जगण्याचा एक धडा काढत, आणि पोरं मागे त्यांची नक्कल करत. पुतण्याच्या लग्नात दारू चढवून गाडी चालवली म्हणून ते आत आले होते, पण खोड काही गेली नव्हती. कोठडीतल्या खिसेकापूलासुद्धा त्यांनी धडे दिले होते. माणूस फसतो तो नीट वाचलेलं नसतं म्हणून, यावर त्यांची अगदी श्रद्धा होती.

"ऐक आता," ते म्हणाले. "तुझ्या दादाने तुला गोष्ट उलटी सांगितली. धाकटा, मी जातो म्हणतो, इथवर खरं. पण मग थोरला काय करतो? त्याला दारू पाजतो, झोपला की दोरखंडाने खांबाला बांधतो आणि स्वतः बाहेर जातो. मान थोरला देतो, चांगकन! धाकट्याला जाग येते तेव्हा बाहेर ढोल वाजत असतात. बघ, हे पान बघ."

"हरामखोर साला!" खिसेकापू म्हणाला. ही शिवी मालकाला होती.

गुरुजींना हुरूप आला. "पाठ थोपटत तुला गळाला लावलं रे त्याने. वर्षानुवर्षं! तुला वाचता येत नाही, याचा फायदा घेतला. अजून वेळ गेलेली नाही. खरं काय ते सांगून टाक."

दाराची खिडकी सरकली. पहारेकऱ्याने आत डोकावून विचारलं, "म्याओ, शेवटचं विचारतोय. अपील करायचंय?"

"करायचंय, करायचंय!" गुरुजीच उत्तरले.

"तुम्हाला नाही विचारलं, मास्तर."

चांगकनने वाडगा खाली ठेवला. पुस्तकाच्या त्या पानावरून त्याने हात फिरवला, पण बघितलं नाही.

"हे मला ठाऊक आहे, गुरुजी," तो म्हणाला. "वीटभट्टीवर दादांनीच वाचून दाखवलं होतं. असंच्या असं. थोरला त्याला खांबाला बांधतो ना, तिथं आम्ही दोघंही हुंदके देऊन रडलो होतो."

गुरुजींनी ते पान पुन्हा एकदा बघितलं. "मग ही उलटी गोष्ट आली कुठून?"

"कारखाना निघाला त्या वर्षी आली. मोठी जेवणावळ होती, साहेबलोक आले होते. दादांनी थोरल्याच्या जागी धाकटा घातला आणि सांगताना सरळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, दारू चढलीय. पण नाही, शुद्धीत होते. नजर हटेना त्यांची. बाकी कुणाला काय कळणार, पुस्तक कुणी वाचलंय! कळलं ते मला एकट्याला."

"अरे, मग तिथंच उठून सांगायचं होतंस, की दादा, गोष्ट अशी नाहीये!"

"त्याच दिवशी मला मॅनेजर केलं होतं, गुरुजी. नवा कोट होता अंगावर. बायको शेजारी बसली होती, कधी नव्हे ती खूश."

"ए म्याओ," पहारेकरी ओरडला, "करायचंय का नाही?"

"नाही, साहेब."

खिडकी बंद झाली. गुरुजींनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

चांगकनने उरलेला पाव उचलला.

"त्या दिवशी गोष्ट संपली तेव्हा सगळे गप्प होते," तो म्हणाला. "पहिली टाळी मी वाजवली."