हातातल्या बॅगेत मावेल असं

“बंद कॅबिनेटच घेऊ. मोठं, काचेचं,” दादा म्हणाला. “तुझ्या कॉम्प्युटरचं जुनं कॅबिनेट तापून मशीन बंद पडतं म्हणून आलोय ना आपण? हा नुसता सांगाडा घेऊन काय करायचं?”

बारकीचा हात मात्र त्या सांगाड्यावरून निघत नव्हता. काळ्या अॅल्युमिनियमच्या दांड्या, वर उचलायला मूठ, आणि बाजूंना भिंत म्हणून नाहीच. आतला प्रत्येक पंखा, प्रत्येक वायर उघडी दिसणार. बुटांच्या खोक्याहून जरासं मोठं. दुकानातलं सगळ्यात महागडं, म्हणून त्याला टेबल वेगळं आणि डोक्यावर दिवाही वेगळा.

“भिंती नाहीत म्हणून हवा खेळती राहते,” ती म्हणाली. “सामना चालू असताना तापणार नाही.”

“आणि धूळ?”

“पुसेन.”

“तू?” दादा हसला. “स्वतःचा कप कधी विसळला आहेस का?”

एरवी ती फटकन उलटून बोलली असती. घरात एकाच खोलीत, शेजारीशेजारी दोन टेबलं लावून दोघं कॉम्प्युटरवर नेमबाजीचे गेम खेळायची, आणि स्पर्धेत जोडी म्हणून उतरायची. बोलण्यात कुणी कुणाचं ऐकून घेतलेलं नव्हतं. आज बारकी नुसती दांडीवरून बोट फिरवत राहिली. दादाच्या मनात पाल चुकचुकली.

त्याने वाकून सांगाड्याच्या आत पाहिलं. “यात तुझा मदरबोर्ड मावणारच नाही.”

“छोटा मागवलाय मी.”

“कधी?”

“झाले काही दिवस.”

“मला न सांगता?”

“सांगितलं असतं तर कारणही सांगावं लागलं असतं,” बारकी म्हणाली आणि ओठ दाताखाली धरून उभी राहिली.

तेवढ्यात दुकानाची मालकीण हातात मापाची टेप घेऊन आली. हसतमुख बाई. “मॅडम, तुम्ही फोनवर विचारलं होतंत ना, विमानात हातातल्या बॅगेत मावेल का म्हणून? मापून ठेवलंय मी. आरामात मावतं.”

दादाने बारकीकडे पाहिलं. ती मापाच्या टेपकडे पाहत होती. मालकिणीला काय समजायचं ते समजलं असावं. “बघा तुम्ही निवांत,” म्हणत ती काउंटरमागे गेली आणि उगाच खोकी इकडची तिकडे करू लागली.

“कुठलं विमान?” दादाने विचारलं. आवाज त्याने खाली ठेवला होता, पण तो खाली राहायला तयार नव्हता.

“एका मोठ्या टीमने बोलावलंय, दुसऱ्या शहरात. राहायचं तिथेच. सरावही तिथेच.”

“आणि आपली पुढची स्पर्धा? नाव दिलंय आपण.”

“मी त्यांच्याकडून खेळेन.”

“म्हणजे माझ्याविरुद्ध.”

बारकीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच ठाऊक.

“त्यांना जोडी नको होती?” हे विचारायचं नव्हतं त्याला. तोंडातून निघून गेलं.

“मी विचारलं होतं, दादा.”

तिने नजर परत सांगाड्यावर वळवली.

दादाच्या खांद्याला पिशवी होती. तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड होतं, नव्या कॅबिनेटमध्ये बसतंय का ते पाहायला आणलेलं. कार्ड दादाचं. पण नेम बारकीचा पक्का, म्हणून त्यानेच ते काढून तिच्या मशीनमध्ये घातलं होतं आणि स्वतः जुन्या कार्डावर भागवत होता. त्याने पिशवी पोटाशी ओढली.

“हे मिळणार नाही,” तो म्हणाला. “हे माझं आहे.”

“माहितीये.”

“मग घे तुझा सांगाडा आणि जा उडत.”

तो तरातरा दारापर्यंत गेला. काचेचं दार अर्धं उघडलं. रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या, कुणीतरी हॉर्नवरचा हात काढत नव्हतं. दार धरून तो तसाच उभा राहिला. मागून बारकी हाक मारेल असं त्याला वाटलं. तिने मारली नाही. वळून पाहिलं तर ती बाहीने नाक पुसत होती आणि सांगाड्याची मूठ धरून तो उचलून पाहत होती, एका हाताने पेलतोय का ते.

दादा परत आला. त्याने टॉवेल सोडला, कार्ड काढलं आणि सांगाड्यात धरून पाहिलं. कार्ड लांब होतं. एका टोकाला चांगलं बोटभर बाहेर आलं.

“चालतं,” काउंटरमागून मालकीण हळूच म्हणाली. “भिंतच नाही ना, अडणार कुठे?”

त्याने कार्ड सांगाड्यातच आधीपासून बसवलेल्या खाचेवर टेकवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. खट्ट आवाज झाला. स्क्रू ड्रायव्हरसाठी त्याने हात पुढे केला. बारकीने टेबलावरचा उचलून हातात दिला. दोघंही एकमेकांकडे पाहत नव्हती. पिळून पिळून त्याने स्क्रू आवळला, मग सांगाडा स्वतःकडे फिरवला आणि कार्डाच्या बाहेरच्या बाजूच्या पंख्याचं पातं बोटाने ढकललं. पातं भिरभिरलं. अडवायला मध्ये काहीच नव्हतं.

“याला जाळी मिळते का?” त्याने मालकिणीला विचारलं.

“मिळते. पण जाळीशिवायच छान दिसतं. बहुतेक जण तसंच ठेवतात.”

“जाळी बसवून द्या,” दादा म्हणाला. “ही खेळता खेळता टेबलावर डोकं टाकून झोपते. केस मोकळे असतात.” त्याने रिकामा टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. “घरी मी असतो उठवायला.”