लाल तांदळाचा दाणा

मुलांनो, समजा तुम्ही लालबागच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात उभे आहात. काउंटर तुमच्या हनुवटीपर्यंत येतो आहे. पलीकडचे काका तुमच्याकडे बोट रोखून म्हणतात, "हिचंच काम हे." तुम्ही काहीही केलेलं नाही. कान तापतात की नाही? चौथीतल्या आरोहीचे तसेच तापले होते.

पण त्याआधी काय झालं ते ऐका.

आरोहीच्या आईने, दर्शनाने, लॅपटॉप काउंटरवर जवळजवळ आपटलाच. त्याची एकेक कळ बंद पडत गेली होती. आदल्या संध्याकाळी ती ऑफिसचं काम घेऊन बसली, तर अर्धी ओळसुद्धा उमटेना.

"तोरस्करभाऊ, झाकणाची बिजागरी तुटली म्हणून दिला होता ना तुमच्याकडे? बिजागरी बसवलीत आणि कळा घालवल्यात. वर म्हणे गॅरंटी!"

दुकानाचे मालक गंगाधर तोरस्कर यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर डब्यात ठेवला. डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं.

"वहिनी, आवाज चढवू नका. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचे दीर न्यायला आले. प्रत्येक कळ दाबून दाखवली त्यांना. विचारा घरी. माझ्याकडे आलेली मशीन मी देवासारखी ठेवतो. तो फळीवरचा काळा लॅपटॉप दिसतो? गणपतीच्या आधीपासून पडलाय इथे. मालक गावाला गेला तो फिरकलाच नाही. आहे धूळ त्याच्यावर? रोज फडकं मारतो मी."

"मग आमचाच कसा बिघडला?"

"तेच बघू."

तोरस्करांनी काउंटरवर पांढरा कागद पसरला. दर्शनाचा लॅपटॉप उघडून कागदावर पालथा धरला आणि पाठीवर तीनदा बोटांनी ठोकलं.

कागदावर तांदळाचा दाणा पडला. लाल.

तोरस्करांनी तो बोटाच्या टोकावर घेऊन सगळ्यांना दाखवला. सगळे म्हणजे आणखी एकच गिऱ्हाईक होतं. प्रिंटर मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेल्या मृणालिनीबाई.

"अक्षता!" तोरस्कर म्हणाले. मग स्क्रू काढून त्यांनी आतला पांढुरका डाग दाखवला. "आणि हे पाणी. पाण्याने मशीन लगेच मरत नाही, वहिनी. महिनाभर आतल्या आत गंजते, मग कळा जायला लागतात. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडलात ना? कुंकू वाहिलं, फुलाने पाणी शिंपडलं? दर दिवाळीनंतर अशी माणसं येतात माझ्याकडे. पूजा यांनी करायची आणि चोर तोरस्कर!"

"अहो, काय बोलताय?" दर्शना म्हणाली. "धनत्रयोदशीला माझे सासरे गेले. सुतक होतं आम्हाला. घरात एक पणती लागली नाही."

"मग तांदूळ काय जिना चढून आला?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

कोणी हसलं नाही. दर्शना हळूहळू आरोहीकडे वळली.

तोरस्करांना तेवढं पुरे झालं. त्यांनी बोट रोखलं. "हिचंच काम हे."

"आरोही," आई म्हणाली, "लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तू रडत होतीस. एक तरी पणती लावू दे, म्हणत होतीस. माझ्यामागे तू पूजा केलीस?"

"नाही."

"आजोबांना जाऊन दोन दिवस झाले नव्हते, आरू."

"आई, मी नाही केली!"

"मग कोणी केली? पणतीसाठी दुसरं कोण रडत होतं?"

आजोबा गेल्यापासून आरोहीने देवाच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. आजोबांची काठी कोपऱ्यात होती, तिच्याशेजारी ती बसून राहिली होती. आईला हे माहीत होतं. तरी आई विचारत होती.

"अगो, लहान आहेस, चुकलं असेल," तोरस्कर आता मऊ झाले. "खरां काय ता सांग. हो म्हण, मी नवा कीबोर्ड फुकट बसवतो. एक पैसा नको."

"म्हण बाई," मृणालिनीबाई म्हणाल्या. "आईचं काम अडलंय."

"आरू, म्हणून टाक," आईही म्हणाली. ती दमली होती. "मी रागावणार नाही."

मुलांनो, आता तुम्हीच सांगा. एक 'हो' म्हटलं की लॅपटॉप दुरुस्त, आईचं काम सुरू, काकाही खूश. फक्त आरोही तेवढी खोटारडी ठरणार, आणि तीही आजोबांच्या बाबतीत.

"मी हो म्हणणार नाही," आरोही म्हणाली.

"बघा! वर उलटून बोलते!" तोरस्करांचा चेहरा पुन्हा लाल झाला. "मोबाईल देऊन देऊन डोक्यावर बसवलीत पोरं. माझं दुकान पंचवीस वर्षं आहे इथे. माझ्या कामाला नाव ठेवायचं नाही कोणी!"

आरोहीचे डोळे भरून आले. ते कोणाला दिसू नयेत म्हणून तिने मान वर केली. दुकानाच्या दारावर दसऱ्याचं तोरण अजून तसंच होतं. आंब्याची पानं वाळून गुंडाळली गेली होती, झेंडू सुकून काळपट पडला होता. ती बराच वेळ तोरणाकडे बघत राहिली. मग तिने डब्यावरच्या स्वस्तिकाकडे पाहिलं. मग फळीकडे.

"आजी, जरा उठता?"

मृणालिनीबाई प्रिंटर सावरत उठल्या. आरोहीने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि फळीवरचा काळा लॅपटॉप दोन्ही हातांनी खाली घेतला.

"ए, ए! दुसऱ्याचा आहे तो! ठेव खाली!"

तिने तो काउंटरवर ठेवला. पांढरा कागद आपल्याकडे ओढला. लॅपटॉप उघडून, काकांनी धरला होता तसाच, कागदावर पालथा धरला आणि पाठीवर ठोकलं. एकदा. दोनदा. तीनदा.

कागदावर पाच-सहा लाल दाणे पडले, आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी.