हेलनचा नकार

"वहिनी, बघ काय लिहिलंय त्या चुडैलने," म्हणत अश्लेषाने मोबाइल शरयूच्या तोंडासमोर धरला.

शरयू तान्ह्या मुलीला खांद्यावर टाकून तिची पाठ थोपटत होती. तिने तसंच वाचलं. 'भारतातून पुन्हा अर्ज नको. तुम्ही लोक दुसऱ्यांची चित्रं उचलता, आणि उशीर झाला की घरात लग्न आहे म्हणून सांगता.' खाली चाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले होते.

देशोदेशीच्या चित्रकारांचा तो ऑनलाइन गट. परदेशातल्या मुलांच्या पुस्तकांची कामं तिथूनच मिळत. मालक बर्लिनचा, माणसं निवडायची हेलन. ती कॅमेऱ्यावर कधी यायची नाही. नुसती लिहायची, आणि लिहायची ते असं.

"तिसरा नकार," अश्लेषा म्हणाली. "चित्रं उघडूनसुद्धा बघत नाही. आणि रविवारी झाशीवाले येतायत."

तिच्या वडिलांनी, रमाकांतरावांनी, स्वच्छ सांगितलं होतं: रविवारच्या आत नोकरीचं पत्र दाखव, झाशीला नकार मी कळवतो. नाहीतर साखरपुडा.

"नाव बदलून टाकू का? एमा वगैरे. किसको पता चलेगा?"

"अजिबात नाही. चित्र तुझं आणि नाव कुणा एमाचं?"

"तू तर बोलूच नकोस! दादाने तांदळात नाव लिहिलं आणि प्रांजलीची शरयू झालीस."

"मला विचारलं होतं का कुणी तुमच्याकडे?" शरयू हसली.

"मग सरळ मालकालाच लिहिते. ही बाई आम्हाला दारातूनच हाकलते म्हणून."

बाळाच्या पाठीवरचा शरयूचा हात थांबला. "भांडण वाढेल गं."

"वाढू दे. झाशीत जाऊन पोळ्या लाटण्यापेक्षा बरं." अश्लेषाने उभ्या उभ्याच पत्र लिहिलं. "इंग्रजी बघ ना जरा. तू दिवसभर लोकांचे प्रबंध टाइप करतेस."

शरयूने दोन चुका दुरुस्त केल्या. एक कडक वाक्य काढायला सांगितलं. अश्लेषाने ते काढलं नाही. पत्र गेलं.

"तू नसतीस ना वहिनी, तर मी केव्हाच हार मानली असती." अश्लेषाने बाळाच्या तळव्याचा पापा घेतला आणि रविवारच्या साडीवरचा ब्लाउज आणायला ग्वाल्हेरच्या 'खासगी बाजार' पेठेतल्या शिंप्याकडे निघाली. "आणून ठेवते. पण घालणार नाही, सांगून ठेव आईला!"

शरयूने खोलीचं दार लोटून घेतलं. मुलीला पाजायला घेतलं आणि शेजारी लॅपटॉप उघडला. पिता पिता मुलगी झोपली. तिच्या ओलसर जावळातून बोट फिरवत शरयू स्क्रीनकडे बघत राहिली.

पाऊण तासाने बर्लिनहून निरोप आला.

'ग्वाल्हेरच्या या मुलीची चित्रं मी स्वतः पाहिली. फार सुंदर आहेत. तिला तुझ्या हाताखाली घ्यावं म्हणतो. सोमवारी आपण तिघं व्हिडिओवर भेटू, निदान त्या दिवशी तरी तुझा चेहरा दिसू दे. काय म्हणतेस, हेलन?'

मुलीची झोप मोडू नये म्हणून शरयूने एकाच हाताने, सावकाश टाइप केलं, 'नको. या लोकांचा भरवसा नसतो.'