रेसिडेंटचा सल्ला

वल्लरी इतिहासाच्या परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होती आणि आजोबांना मराठीत समजावत होती. "मलायातल्या सुलतानाकडे ब्रिटिश रेसिडेंट राहायचा. तो नुसता सल्ला द्यायचा. पण सुलतानाला तो ऐकावाच लागायचा." "मग सुलतानाच्या हातात काय उरायचं?" आजोबांनी विचारलं. "धर्म आणि चालीरीती." आजोबा हसले. "म्हणजे माझी देवपूजा." "आणि पपा इथे सिंगापुरात पर्मनंट रेसिडेंट, लाह!" शेवटचा शब्द सिंगापुरी ढंगात लांबवत वल्लरी खिदळली. लॅपटॉपसमोर बसलेल्या पपाचे हात थांबले. यिशुन या त्यांच्या उपनगरातल्या एकसारख्या इमारतींत आजोबा एकदा वाट चुकले होते. तेव्हापासून फ्लॅटची किल्ली त्यानं काळजीपोटी स्वतःकडेच ठेवली होती. तो उठला आणि किल्ली वडिलांच्या तळहातावर ठेवून म्हणाला, "बाबा, खाली एक चक्कर मारून या." आजोबांनी मूठ घट्ट मिटली. दारात चपला घालताना मात्र ते मागे वळले. "छत्री घेऊ का रे? तुझा सल्ला काय?"