फाशावर एक

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तिच्या नवऱ्याचा आणि त्याच्या मित्रांचा फाशांचा खेळ रंगला होता. खेळात नवरा झाला होता नरलांडगा, म्हणजे माणसाचा लांडगा होणारा. फाशावर एक पडला की त्यानं लांडगा होऊन गुरगुरायचं, असा त्यांचा नियम.

आतल्या खोलीत लेकीला थोपटताना तिला ती गुरगुर तिसऱ्यांदा ऐकू आली, अगदी कानाशी. लेकीचा डोळा लागताच ती तणतणत बाहेर आली.

"अरे, तुझ्या लांडग्याला आवर घाल जरा. पोर आत्ता कुठे झोपलीय."

नवरा गोंधळला. खेळ चालवणारा मित्र हसला. "वहिनी, बिचाऱ्यावर उगाच आळ घेताय. आज एकदाही एक पडला नाही. अजून माणसातच आहे तो."

तिनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. तेवढ्यात तिच्या पाठीमागे लेकीच्या खोलीची कडी आतून लागली.