देखभाल काहीच नाही

"मेंटेनन्स काहीच नाई," खुशाल मोबाईलकडे बघून म्हणाला. "एकदा घर विकत घेतलं, पान्यात सोडलं, झालं."

चंद्रपूरहून पुनम मुद्दाम त्याच्या तरंगत्या घराचा व्हिडिओ करायला आली होती. धरणाच्या पाण्यावर, प्लास्टिकच्या ड्रमांवर बसवलेलं दोन खोल्यांचं घर. ओसरीत खुर्ची टाकून खुशाल एखाद्या मालगुजारासारखा बसला होता.

आणि त्याच ओसरीखाली, छातीभर पाण्यात, त्याची बायको कमळा ड्रमांवरचं शेवाळ खरवडत होती. गळक्या ड्रममधलं पाणी अजून काढायचं होतं. ते रोज काढलं नाही की घर एका अंगाला कलायचं.

आज आरमोरीला तिच्या भाचीची हळद होती. काल याच खुशालने तिला दरडावलं होतं, "तू गेली तं घर बुडन. ड्रम कोन पाहीन?" आणि आता म्हणे काहीच नाही! संतापाने ती खुरपं आणखी जोरात चालवू लागली.

"मग वहिनी दिवसभर काय करतात?" वर पुनमने विचारलं.

"तिले काय काम? बसते हवा खात."

खुरपं दाणकन ओसरीवर येऊन पडलं. पुनम दचकली. खाली कोणी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. निथळत कमळा वर चढली, आत जाऊन कोरडं लुगडं नेसली आणि पिशवी घेऊन थेट ओसरीला बांधलेल्या डोंग्यात, त्या छोट्या होडीत, जाऊन बसली.

"कुठी चालली वं?"

"हळदीले. मेंटेनन्स नाई ना काई? मंग मी काऊन थांबू?"

"लोकाईसमोर तमाशा नको करू."

"तमाशा मी करून राह्यली? तुमचं घर खालून धरून ठेवलं मी, अन् तुम्ही म्हनता हवा खाते!"

पुनम घुटमळली. मग चपला हातात घेऊन तीही डोंग्यात उतरली आणि मोबाईल कमळाकडे वळवला. "ताई, तुम्हीच सांगा. काय काय करावं लागतं?"

कमळाने वल्हं मारलं. ती तोंड उघडणार तोच मागे घर एका अंगाला कललं आणि खुर्ची कलंडल्याचा आवाज झाला.

"कमळे! गळका ड्रम कोनता?"

"उतरा अन् पाहा!"

तिने वळूनही पाहिलं नाही. पुनमने मात्र पाहिलं. खुशाल ओसरीवर पालथा पडून पहिल्यांदाच आपल्या घराखाली डोकावत होता.